आई घरी आली आहे, आणि निरोपाचं आम्हाला काहीच येत नाही

कृष्णाकाठ | ६ जानेवारी, रात्री ११:४०

गेल्या मंगळवारी आईला पुण्याहून वाईला घरी आणलं. वय ७८. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. डॉक्टर म्हणाले, आता केमोने त्रासच वाढेल, घरी न्या, दुखणार नाही एवढं आपण बघू. किती दिवस, असं विचारलं तर म्हणाले, महिने धरू नका.

माणूस गेल्यावर काय करायचं ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. सामान कुठून आणायचं, गुरुजी कोण, दहावा कुठल्या घाटावर, तेराव्याला पानावर काय. पण आई अजून समोर खाटेवर आहे. बोलते, ऐकते, मधूनच हसते. या दिवसांचं काय करायचं ते कुणालाच माहीत नाही. आम्ही तिच्याभोवती औषधांच्या वेळा लिहिलेला कागद घेऊन फिरतो, आणि "आज बरी दिसतेस हं" म्हणतो.

घरात दोन बाजू पडल्या आहेत. मावशी म्हणते गोप्रदान करा, शेवट जवळ आला की खाली घ्या, गंगा-तुळस तोंडात घाला. देवघरात आजीने काशीहून आणलेला गंगेचा गडू आहे, झाकण डाक लावून बंद केलेला. माझ्या जन्माआधीपासूनचा. दादा म्हणतो, तो गडू फोडायचा म्हणजे आईला तोंडावर सांगायचं की तू चाललीस. त्याने तिला आजाराचं नावही सांगितलेलं नाही, "पोटाला सूज आहे" एवढंच.

तुमच्याकडे जिवंतपणी निरोप देण्याची काय रीत आहे? तुम्ही काय केलंत, काय करायचं राहून गेलं? जे असेल ते लिहा. रात्री तिच्याजवळ माझी पाळी असते, तेव्हा वाचेन.

घाटमाथा | ७ जानेवारी, सकाळी ६:१५

आमच्याकडे तीन पिढ्या याज्ञिकी आहे, म्हणून थोडं सांगतो.

मरणाआधीचे विधी परंपरेत नव्हते असं नाही, उलट भरपूर होते. प्रायश्चित्ताचा संकल्प, गोप्रदान, दशदानं (गाय, भूमी, तीळ, सोनं, तूप, वस्त्र, धान्य, गूळ, चांदी, मीठ), कुणी मागितला तर आतुर संन्यास (मरण समोर दिसत असताना घेतलेला), आणि शेवटी सारवलेल्या जमिनीवर तीळ-दर्भ पसरून त्यावर घेणं. माणसं दवाखान्यात जाऊ लागली तसे हे सगळे विधी मागे पडत गेले. घरी उरलं ते नंतरचं.

यातली एक गोष्ट लोक विसरतात. ही दानं जाणाऱ्याने स्वतः, शुद्धीत असताना द्यायची असतात. पाणी त्याच्या हातावरून सुटायला हवं. शेवटची घरघर लागल्यावर गुरुजींना धावत बोलवायचं आणि मुलाने घाईघाईने उदक सोडायचं, याने फार तर मुलाचं समाधान होतं. गाईचं मूल्य म्हणून रुपया चालतो, त्याबद्दल मनात काही आणू नका. गाय वैतरणी पार करून देते असं गरुडपुराणात आहे. पण मी घरोघरी पाहिलंय ते वेगळंच. ज्या बाईने आयुष्यभर प्रत्येक गोष्ट दुसऱ्यासाठी जपून ठेवली, तिला शेवटी स्वतःच्या हाताने "हे दिलं" असं म्हणायला मिळतं, आणि तिचा चेहरा सैल होतो.

माझ्या वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. खाली घेणं म्हणजे छळ झाला असता. आईने अंगणातली माती वाटीत आणली आणि त्यांच्या दोन्ही तळव्यांना लावली. मी जन्मभर हे विधी सांगतो, पण त्या वेळी मला ते सुचलं नव्हतं.

रोज संध्याकाळी कुणीतरी जवळ बसून वाचा. गीतेचा आठवा अध्याय त्यासाठीच वाचतात, अंतकाळी मन जिथे असेल तिथे जीव जातो असं त्यात आहे. पण त्यांच्या ओळखीचं वाचा. विष्णुसहस्रनाम पाठ असेल तर ते, नाहीतर मनाचे श्लोक. ओळखीच्या शब्दांवर ओठ आपोआप हलतात.

तगर | ७ जानेवारी, दुपारी २:०५

मी अकरा वर्षं पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेत, नर्स आहे. तुमच्या मावशींची एकही गोष्ट मी नाकारणार नाही, फक्त कशी करायची ते सांगते.

पाणी. गिळता येत असेल तोवर घोटभर द्या, डोकं उचलून, हळूहळू. गिळणं गेलं की चमच्याने अजिबात नाही. ते पाणी श्वासात जातं, ठसका लागतो, आणि जाणाऱ्याची शेवटची मिनिटं गुदमरण्यात जातात. घरच्यांनी हे प्रेमापोटी केलेलं मी खूपदा पाहिलंय. कापसाचा बोळा किंवा मलमलीचं टोक गंगाजळात बुडवा, पिळा आणि ओठांवरून, जिभेच्या टोकावरून फिरवा. तुळशीचं पान ओठांवर टेकवा. प्रत्येकाने केलं तरी चालेल, दहा जणांनी केलं तरी. नाहीतरी शेवटच्या दिवसांत तोंड कोरडं पडतंच आणि ते ओलं ठेवणं हे आमचं कामच असतं. तुमची रीत आणि आमची शुश्रूषा इथे एकच आहे. ओठांना जरा तूप लावा.

खाली घेणं. हाडांत किंवा पोटात दुखत असेल तर नको. घेणारच असाल तर डॉक्टरांना आधी विचारा आणि वेदनाशामकाचा डोस अर्धा तास आधी द्या. मॉर्फिन चालू असेल तर त्याला घाबरू नका. ठरलेल्या मात्रेत ते माणसाला मारत नाही, दुखण्यातून सोडवतं.

जेवण. भूक जाते. "काहीच खात नाही, म्हणून चालली" असं नसतं. शरीर आवरतं घेत असतं म्हणून भूक जाते. आग्रह करू नका. हे ऐकणं आईच्या मुलांना सगळ्यांत जड जातं.

शेवटी पाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसते, लघवी कमी होते. श्वास थांबतो, पुन्हा सुरू होतो. घशात घरघर होते. बाहेरून ऐकायला ती भयंकर वाटते, पण बहुतेक वेळा आतल्या माणसाला तिचा त्रास जाणवत नाही. कुशीवर वळवा, कमी होईल.

आणि बोला. २०२० साली कॅनडात व्हँकूवरच्या संशोधकांनी हॉस्पिसमधल्या (शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण), प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या मेंदूच्या लहरी तपासल्या. काहींचा मेंदू शेवटच्या तासांतही आवाजाला प्रतिसाद देत होता. त्यांना अर्थ कळत होता का, ते त्या लहरींवरून सांगता येत नाही. पण मी ड्यूटीवर कुणालाही खाटेशेजारी उभं राहून अंत्यविधीचा खर्च बोलू देत नाही.

पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे, मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना १९८६ पासून. ते देशातलं पहिलं हॉस्पिस. साताऱ्याच्या बाजूला घरी येणारं कुणी मिळतं का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

वसईची_लेक | ७ जानेवारी, रात्री ९:३०

आमच्याकडे फादर येतात. कपाळाला आणि तळहातांना पवित्र तेल लावतात, ते तेल पवित्र आठवड्यात बिशपांनी आशीर्वादित केलेलं असतं. माझ्या आजीच्या पिढीत फादर घरात शिरले की लोक समजायचे, संपलं. कारण तेव्हा हा संस्कार अगदी शेवटच्या क्षणीच देत. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर तो आजाऱ्याचा अभिषेक झाला, आजार बळावला की पुन्हाही घेता येतो. त्यामुळे आजीला तो तीनदा मिळाला. तिसऱ्या वेळी तिने शेवटचा ख्रिस्तप्रसादही घेतला. लॅटिनमध्ये त्याला जे नाव आहे त्याचा अर्थ वाटेची शिदोरी असा होतो. मला हा शब्द फार आवडतो.

पण मला आठवतो तो तिचा अंगठा. आम्ही चौदा नातवंडं ओळीने गुडघे टेकून खाटेशी गेलो आणि तिने प्रत्येकाच्या कपाळावर क्रूस काढला. धाकटा चार वर्षांचा होता. "त्याला कशाला आणलंत" असं कुणी म्हणालं, तर आजीनेच गप्प केलं. मुलांना खोलीबाहेर ठेवू नका, एवढंच सांगेन.

दूरदेशी | ८ जानेवारी, सकाळी ८:२०

न्यू जर्सीहून लिहितोय. माझे वडील नाशिकला गेले. शेवटचे सहा दिवस आयसीयूमध्ये, भेट दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. रुग्णालयाचं नाव घेत नाही. गंगाजळाची बाटली ताईने पर्समधून नेली ती तशीच परत आणली.

मी रोज फोन करायचो. त्या आधीच्या महिनाभरात, ते घरी असताना, रोज वीस मिनिटं बोललो. काय बोललो? "जेवलात का? झोप लागली का? सोडियम किती आलं?" एकदाही म्हटलं नाही की बाबा, तुम्ही मला सायकल शिकवताना किती धावलात ते मला आठवतं.

शेवटच्या सकाळी ताईने आत फोन नेला आणि त्यांच्या कानाला लावला. मला काही सुचेना. मी रामरक्षा म्हणायला लागलो, त्यांनीच शिकवलेली. मधे अडखळलो, दोन श्लोक गाळले, पुन्हा मागे गेलो. ताई म्हणते त्यांच्या भुवया हलल्या. हलल्या असतील.

इथे हॉस्पिसच्या नर्सेस घरच्यांना चार वाक्यं बोलायला सांगतात: मला माफ कर, मी तुला माफ केलं, तुझे आभार, माझं तुझ्यावर प्रेम आहे. मराठीत शेवटचं वाक्य आपल्या तोंडून निघत नाही. मग जे निघतं ते बोला. पण सोडियमच्या पलीकडचं काहीतरी बोला.

निळाई | ८ जानेवारी, दुपारी ४:५०

वर सगळीकडे गंगा-तुळस आहे म्हणून हे लिहिते. माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षेला उभे होते, तेव्हा वय सोळा. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा शेवटपर्यंत त्यांना तोंडपाठ. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, हे त्यातच आहे. आजारी पडल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं, माझ्या तोंडात कुणी काही घालायचं नाही, मला त्रिशरण-पंचशील ऐकवा.

विहारातले लोक रोज संध्याकाळी येत. दोनदा भन्ते, म्हणजे आमचे भिक्खू, आले, परित्राणपाठ (बुद्धवचनांचं पठण) झाला. आजोबांनी त्यांची पुस्तकं स्वतः वाटली, प्रत्येकाला एकेक, आत नाव लिहून. शेवटच्या दिवशी शेजारच्या काकू मायेने तुळशीचं पान घेऊन आल्या. आईने त्यांचे हात हातात घेतले आणि ते पान तिथेच थांबवलं. अवघड होतं, काकू रडल्या. पण आजोबांनी सांगून ठेवलं होतं म्हणून आईला ते जमलं.

मावशी काय म्हणते, दादा काय म्हणतो ते तुम्ही लिहिलंत. आईला काय हवंय ते तुमच्या धाग्यात कुठेच नाही.

कृष्णाकाठ | ८ जानेवारी, रात्री ११:५५

निळाई, तुमचं शेवटचं वाक्य आज दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

पंचगंगा_५ | ९ जानेवारी, सकाळी १०:१०

आम्ही कोल्हापूरकडचे मराठी जैन. आमच्यात सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडत मरण स्वीकारायचं व्रत, ऐकून सगळ्यांना माहीत असते. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीला घेतली, छत्तीस दिवस चालली, घरातली म्हातारी माणसं अजून त्याबद्दल बोलतात. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने ही प्रथा बेकायदा ठरवली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. त्यावर इथे वाद नको, तो वेगळा विषय आहे.

मला सांगायची आहे ती त्याआधीची पायरी, क्षमा. माझ्या आजीने व्रत घेतलं नव्हतं, पण अंथरुणाला खिळल्यावर तिने एकेकाला बोलावून क्षमा मागितली. सुनांची, शेतावरच्या गड्याची, ज्या जावेशी वीस वर्षं बोलणं नव्हतं तिचीही. जाऊ दारातच उभी राहिली. आजी म्हणाली, "आत ये, मला उठता येत नाही." त्यानंतर तीन दिवस णमोकार म्हणायला जाऊच उशाशी होती.

रानजाई | ९ जानेवारी, दुपारी १:३०

आमच्या गावात म्हणतात, जीव अडकलाय. मग विचारतात, कुणात अडकलाय? आणि त्या माणसाला आणतात. माझ्या आजोबांच्या वेळी थोरला चुलता आठ वर्षं घराबाहेर होता. त्याला पुण्याहून आणला, त्याने पाय धरले, आजोबा त्याच रात्री गेले. आजोबा माळकरी. शेवटचे नऊ दिवस भजनी मंडळ रोज अंगणात हरिपाठ म्हणायचं, टाळ हळू वाजवून. कपाळाला पंढरीचा बुक्का. बायका आत, पुरुष ओसरीवर, पण दार उघडं.

तगर, चमच्याने पाणी नको हे कळलं. पण "मरताना तोंडात पाणी घालायला कुणी नव्हतं" ही आमच्याकडे सगळ्यांत मोठी हळहळ आहे. कापूस फिरवला म्हणजे पाणी पाजलं असं म्हातारी माणसं मानत नाहीत.

तगर | ९ जानेवारी, दुपारी २:१५

रानजाई, खरं आहे. म्हणून मी सांगते, पाणी पाजायला शुद्ध जायची वाट बघू नका. आज, उद्या, गिळता येतंय तोवर सगळ्यांना बोलवा आणि प्रत्येकाच्या हातून एकेक घोट द्या. "शेवटचं पाणी" म्हणायची गरज नाही. नातवाने आजीला पाणी दिलं, एवढंच. नंतर कापूस.

मृद्गंध_७ | ९ जानेवारी, रात्री १०:४०

थोडं रुक्ष पण लागणारं. श्वास बदलला की घरातलं कुणीतरी घाबरून अँब्युलन्स बोलावतं आणि माणूस व्हेंटिलेटरवर जातो. आमच्याकडे तेच झालं. घरीच ठेवायचं असेल तर सगळ्यांत आधी दादाशी बोला आणि रात्री कुणाला फोन करायचा ते लिहून भिंतीवर लावा. आई शुद्धीत आहेत तर त्यांची इच्छा लेखी घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. फॅमिली डॉक्टरांना आत्ताच घरी आणून दाखवून ठेवा. घरी मृत्यू झाला की कारणाचा दाखला, नमुना ४-अ, त्यांनाच भरायचा असतो, आणि अनोळखी डॉक्टर तो द्यायला कचरतात.

कृष्णाकाठ | १३ जानेवारी, पहाटे ३:२०

सगळ्यांचं वाचलं, काही आईलाही वाचून दाखवलं. हो, बोललो तिच्याशी.

दादा बाहेर होता. मी विचारलं, "आई, तुला काय हवंय?" ती म्हणाली, "पुण्याला न्यायचं बंद केलंत तेव्हाच कळलं मला. दादाला सांगू नकोस मला माहीत आहे म्हणून, त्याला त्रास होईल." म्हणजे दादा तिच्यापासून लपवत होता आणि ती त्याच्यापासून. रात्री मी दोघांना एकत्र बसवलं. दादा तिच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती, आणि मला म्हणाली, दिवा बारीक कर.

मग तिने पेटीची किल्ली दिली. आत एक कोरं लुगडं, एका पाकिटात पैसे, त्यावर तिच्या अक्षरात "माझ्या कामासाठी". किती वर्षांपासून ठेवलं होतं, माहीत नाही.

गोप्रदान करायला ती तयार झाली. गुरुजींनी रुपया सांगितला होता. तिने घरी दूध घालणाऱ्या बाईंना बोलावून पेंडीसाठी पैसे दिले, स्वतःच्या हाताने, ओंजळीतून पाणी सोडून. घाटमाथा, तिचा चेहरा खरंच सैल झाला.

गडूचं मात्र वेगळंच निघालं. "तो माझ्यासाठी नाही," म्हणाली. "तो सासूबाईंचा. त्यांनी स्वतःसाठी आणला होता. त्या अचानक साताऱ्याला दवाखान्यात गेल्या आणि मी घरून गडू घेऊन पोचेपर्यंत संपलं होतं. एकतीस वर्षं झाली. रोज देवपूजा करताना मला तो दिसतो." हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, मावशीलासुद्धा. तिचं म्हणणं, ते पाणी कृष्णेत सोडा, सासूबाईंच्या नावाने. "आणि मला कृष्णेचंच द्या. त्याच पाण्यावर जगले."

तगर | १३ जानेवारी, सकाळी ७:००

लवकर करा. उद्यावर टाकू नका.

कृष्णाकाठ | ३ फेब्रुवारी, रात्री १०:१५

आई १९ जानेवारीला पहाटे गेली. लिहायला उशीर झाला.

तगर, तुमचं वाचलं त्याच दिवशी, १३ तारखेला, आम्ही घाटावर गेलो. गडूचं झाकण निघेना, दादाने पायरीवर बसून पक्कडीने डाक तोडली. जो दोन आठवडे त्याला हात लावू देत नव्हता, त्यानेच. पाणी जेमतेम पेलाभर होतं, स्वच्छ. आजीचं नाव घेऊन सोडलं. मग तोच गडू कृष्णेत बुडवून भरला, घरी आणून उकळून गार केला. आईने ओला गडू दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. "सुटले बाई," म्हणाली. आम्हाला वाटलं सासूबाईंबद्दल बोलतेय.

संक्रांतीला सगळे जमले. तिने प्रत्येकाला तिळगूळ दिला, आणि प्रत्येकाने तिला गडूतलं घोटभर पाणी. नात म्हणाली, "आजी, आमच्याकडून पण गोड बोल घे." तेवढंच ठरवून केलं, बाकी आपोआप झालं. मावशीने तिची चाळीस वर्षांपूर्वीची एका पाटल्यांच्या जोडावरून झालेली कटकट काढली, दोघी हसल्या, मग दोघी रडल्या.

१७ पासून बोलणं कमी झालं. १८ ला रात्री श्वास बदलला. दादाने फोन हातात घेतला, भिंतीवरचा कागद वाचला, आणि ठेवून दिला. मृद्गंध, तो कागद तुमच्यामुळे होता. कुशीवर वळवलं, घरघर कमी झाली. खाली घेतलं नाही. वहिनीने तुळशीवृंदावनातली माती आणून तळव्यांना लावली. मी मनाचे श्लोक म्हणत होतो. आवाज बसला की दादा म्हणायचा, त्याला निम्मेच येतात. मावशी कापूस फिरवत होती. पावणेपाचच्या सुमारास एक श्वास आला आणि पुढचा आला नाही. आम्ही बराच वेळ तसेच बसून होतो, कुणी उठलं नाही.

दूरदेशी, मी तिला सायकलचं नाही, पण एका पावसाळ्यात ती मला पाठुंगळीला घेऊन ओढा ओलांडून शाळेत पोचवायला गेली होती, ते सांगितलं. तिला आठवत नव्हतं. "मी? तुला उचलून? असेल बाबा," म्हणाली, आणि खूश झाली.

पेटीतल्या पाकिटातल्या पैशांतून सगळं होऊन थोडे उरले. ते दूधवाल्या बाईंकडे दिले. गडू चिंचेने घासून परत देवघरात ठेवला आहे, कृष्णेचं पाणी भरून. झाकण तुटलं ते तुटलं. आता तो उघडाच असतो, रोज सकाळी दादा पाणी बदलतो.